पेटी शिकलो, तारपा राहिला



मागच्या महिन्यात सहावीच्या वर्गाला मी निबंधासाठी विषय दिला होता, 'मी आभार कसे मानतो?' फक्त दहा ओळी लिहायच्या होत्या. वह्या तपासायला घेतल्या तर बहुतेकांनी ठरलेलंच लिहिलं होतं. कोणी मदत केली की थँक्यू म्हणावे. आई-वडिलांचे उपकार विसरू नयेत. निसर्गाचे आभार मानावेत. सगळं बरोबर होतं, पण वाचून संपलं की लक्षात काहीच राहत नव्हतं.

एका मुलीने मात्र दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'आमच्या घरी भात झोडून झाला की सगळे मिळून गाणं म्हणतो. पण ते गाणं शाळेत सांगायचं नाही.'

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि विचारलं, "का गं, का नाही सांगायचं?" ती खाली बघत म्हणाली, "सर, पोरं हसतात. येशूचं गाणं म्हणतात."

त्या दिवशी जव्हारहून घरी जाताना एसटीत माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं. कारण ती मुलगी जे म्हणाली, ते तीस वर्षांपूर्वी मीही म्हणालो होतो. फक्त मी वहीत लिहिलं नव्हतं.

सारवलेल्या जमिनीवरची पेटी

माझं लहानपण मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलं. तेव्हा आमचा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. डोंगरउतारावर नागली आणि वरई, खाली खाचरात भात. पाऊस संपला, भात झोडला, दिवाळी झाली, की अर्धा पाडा वीटभट्टीच्या कामाला खाली उतरायचा. मागे राहायची म्हातारी माणसं आणि आमच्यासारखी शाळेची पोरं.

पाड्याच्या कडेला आमचं प्रार्थनाघर होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, शेणाने सारवलेली जमीन. दर रविवारी खोडाळ्यापर्यंत एसटीने येऊन, तिथून पुढे चालत एक गुरुजी यायचे. ते शाळेचे गुरुजी नव्हते, पण आम्ही त्यांना गुरुजीच म्हणायचो. त्यांनी आमच्यासाठी एक जुनी पेटी आणून ठेवली होती. तिची एक काळी पट्टी वाजतच नव्हती. गाण्यात ती जागा आली की गुरुजी बोट उचलायचे आणि आम्ही पोरं तो सूर गळ्याने भरून काढायचो. पेटी नीट असती तर आमचे कान एवढे तयार झाले असते की नाही, कोण जाणे.

भाता कसा हलवायचा, सा कुठे धरायचा, अंगठा खालून कसा सरकवायचा, हे सगळं मी तिथे शिकलो. ढोलकीवर केरवाही तिथेच बसला. आणि एक गंमत सांगतो. माझी जोडाक्षरं पक्की झाली ती शाळेच्या पुस्तकाने नव्हे, तर 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाने. मराठी मंडळ्यांमध्ये हेच पुस्तक हातात असतं. स्तुती, प्रार्थना, ख्रिस्त, कृतज्ञ असे शब्द रविवारी आधी कानाने शिकायचे आणि मग बोट ठेवून वाचायचे. आजही पहिलीच्या मुलाला वाचन जड जात असेल तर मी त्याला पाठ असलेलं गाणं छापील देतो. ओळ आधीच तोंडात असते, अक्षरं मागून येतात.

'कशाबद्दल' ते सांग

भात घरात आलं की कापणीचा सण व्हायचा. आमच्याकडे त्याला उपकारस्तुतीची भक्ती म्हणत. ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन यायचं. कोणी परडीभर नागली, कोणी भोपळा, कोणी वालाच्या शेंगा, कोणी दोन अंडी. भक्ती संपली की त्याचा लिलाव व्हायचा. एकच अंडं तीन वेळा विकलं जायचं, कारण घेणारा ते परत ठेवून द्यायचा. आम्हा पोरांना त्याचं भारी हसू यायचं.

पण खरी गोष्ट लिलावाच्या आधीची. गाणं सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभार मानतोय ते सांगायचं, हा गुरुजींचा नियम होता. नुसतं 'देवाचे आभार' म्हणून चालायचं नाही. ते विचारायचे, "कशाबद्दल? नाव घेऊन सांग." मग एक काकी सांगायची, तिची शेळी मरता मरता वाचली. माझी आई सांगायची, "पोरांचे बाबा भट्टीवरून धडधाकट परत आले." मी एकदा म्हणालो होतो, "गणितात पास झालो म्हणून." सगळे हसले, गुरुजी नाही हसले. म्हणाले, "बरोबर आहे. हेच सांगायचं असतं."

एक वर्ष मला विसरता येत नाही. ऐन दाणा भरायच्या वेळी पाऊस गेला. नागली पोकळ निघाली. त्या वर्षीही सण झाला, पण गुरुजींनी कोणाला बोलायला लावलं नाही. "ज्याला म्हणावंसं वाटेल त्याने गाणं म्हणा. नाही वाटलं तर नुसतं बसा," एवढंच म्हणाले. आई गप्प बसून राहिली. तिला कोणी टोकलं नाही. आभार जबरदस्तीने वसूल करायचे नसतात, हे मी त्या गप्प बसण्यातून शिकलो. पुढे शिक्षक झाल्यावर याचा मला फार उपयोग झाला.

आजाचा वारा

आमच्या घरात दुसरंही एक वाद्य होतं. माझा आजा तारपा वाजवायचा. ज्यांनी तारपा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाळवलेल्या दुधी भोपळ्याचा तुंबा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या आत बांबूच्याच पातळ जिभा आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे मेणाने बंद केलेले. भात पिकायला लागलं की तारपा खाली यायचा. वाजवणारा मधे आणि नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती. चाल बदलली की पावलं बदलायची. नाचताना तारप्याकडे पाठ करायची नाही, अशी रीत.

तारप्यात फुंक तोडून चालत नाही. तोंडाने वारा सोडत असतानाच नाकाने आत घ्यावा लागतो. आजा म्हणायचा, "पोरा, वारा कोंडायचा नाय, फिरवायचा." मला ते कधी जमलं नाही. गालच दुखायचे.

आमच्या भागात धान्य म्हणजे कणसरी, म्हणजे देवीच. तिची कथा भगत घांगळीवर गातात, तीही सुगीच्या दिवसांत. थोडक्यात, खळ्यावर आजाचा तारपा आणि प्रार्थनाघरात आमची पेटी, दोन्ही एकाच वेळी वाजायच्या. कारणही एकच, घरात भात आलं होतं.

दहा-अकरा वर्षांचा असताना मी एका कापणीच्या सणाआधी सगळ्यांसमोर विचारलं, "आजाचा तारपा आणू का?" त्या दिवशी बाहेरून एक मोठी व्यक्ती आली होती. त्यांनी लगेच सांगितलं, "ते जुनं आहे. ते इथे नको." गुरुजी खाली बघत राहिले. काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी मी खळ्यावर नाच बघायला गेलो तर तिथल्या एकाने म्हटलं, "तुझं गाणं तिकडं. इकडं काय काम?"

आजा दोन्हीकडचं ऐकून होता. तोही काही बोलला नाही. तारपा त्याने मेढीला टांगून ठेवला. मी मनाशी म्हणायचो, मोठा झालो की शिकेन. मग आश्रमशाळा, मग डी.एड. मी डी.एड.ला असताना आजा गेला. घरी आलो तेव्हा तुंब्याला चीर गेली होती आणि मेण गळून पडलं होतं.

आज मला कोणत्याही पट्टीत पेटीवर साथ करता येते. तारप्यातून मात्र मला एक सूर काढता येत नाही.

वाद्याला धर्म असतो का?

आता माझं मत सांगतो. माझ्या लहानपणी एक चूक झाली आणि ती दोन्ही बाजूंनी झाली. आभाराचं एक गाणं शिकायचं तर दुसरं सोडावं लागेल, असं एका मुलाला सांगितलं गेलं. ही अट कशाच्या आधारावर होती, हे मी मोठेपणी शोधत गेलो. मला आधार सापडला नाही, उलटच सापडलं.

आधी पेटीचंच बघा. हार्मोनियम जन्माला आला एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर तो इकडे आला. मांडी घालून एका हाताने भाता हलवत वाजवता येईल अशी पेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास बनवली. पुढे आकाशवाणीने १९४० मध्ये हे वाद्य परकं म्हणून बाहेर ठेवलं आणि ती बंदी सुमारे ३० वर्षं टिकली. पण गावाने तिला कधीच बाहेर ठेवलं नाही. आज महाराष्ट्रात पेटीशिवाय भजनी मंडळ सापडतं का? चर्चमधली पेटी विठ्ठलाच्या देवळात गेली आणि कोणाचं काही बिघडलं नाही. मग आजाचा तारपा प्रार्थनाघरात आला असता तर काय बिघडलं असतं?

आणि नीट बघितलं तर दोन्ही वाद्यं भावंडंच आहेत. पेटीत पितळेची पत्ती थरथरते, तारप्यात बांबूची जीभ. दोन्ही बोलतात वाऱ्यानेच.

आता मराठी ख्रिस्ती गीतांकडे या. 'केवढे हे क्रौर्य' या कवितेमुळे अनेकांना शाळेपासून माहीत असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या काळात चर्चमध्ये बरीच गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली असायची. टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, कीर्तनं केली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. नवी श्रद्धा घेताना त्यांनी जुनी चाल टाकून दिली नाही, उलट तीच हातात धरून चालले. आजही आमच्या मंडळ्या त्यांची गाणी टाळ वाजवून म्हणतात.

त्याच्याही आधी, गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाने मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्यांचं काव्य! त्याने ओवीला 'जुनं' म्हटलं नाही. आणि फार लांब कशाला, आमच्याच जिल्ह्यातली वसई घ्या. तिथल्या ख्रिस्ती घरांत बायका लग्नाची गाणी अजून आपल्या बोलीत म्हणतात.

खुद्द बायबलात काय आहे? स्तोत्रसंहितेतलं शेवटचं, १५०वं स्तोत्र म्हणजे वाद्यांची यादीच आहे. फुंकायची, छेडायची, थापेची, झांजेची, सगळी वाद्यं स्तुतीला बोलावली आहेत. 'जुनी वाद्यं वगळून' अशी सूचना त्यात कुठे नाही.

दोन्ही बाजूंची भीती

विरुद्ध मतही मांडलं पाहिजे, नाहीतर निबंध एकांगी होईल.

मंडळीतले काही वडीलधारे म्हणतात, तारपा हे नुसतं वाद्य नाही, तो कणसरीच्या आणि नारनदेवाच्या पूजेशी जोडलेला आहे. हे खोटं नाही. पाड्यावरचे काहीजण म्हणतात, ही नवी गाणी आली की आमच्या चाली मरतात. हेही खोटं नाही. माझ्या घरातला फुटका तुंबा त्याचाच पुरावा आहे.

पण दोन्हीकडची भीती खरी असली तरी तिची किंमत मुलाने का मोजायची? कोणी कशावर श्रद्धा ठेवावी, हे ज्याचं त्याने ठरवावं. पूजा वेगळी, चाल वेगळी. पूजा न करता चाल शिकता येते, जशी मी अभंगाची चाल शिकलो आणि जशी भजनी मंडळाने पेटी शिकली. एक चाल मेली की ती कोणाच्याच कामाची राहत नाही, ना देवळाच्या, ना चर्चच्या, ना खळ्याच्या. आणि अशी वाद्यं जगतात ती घरात आजाने नातवाला शिकवल्याने. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या घरात तारपा बापाकडून मुलाकडे येत राहिला, म्हणून तो आपल्याला ऐकायला मिळाला. माझ्या घरात ही साखळी माझ्यापाशी तुटली.

मग शाळेत काय करायचं?

इथे शिक्षकाने सांभाळून पाऊल टाकायला हवं. आपली शाळा जिल्हा परिषदेची आहे. संविधानाच्या कलम २८ नुसार सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. ते मला मान्य आहे आणि योग्यही वाटतं. म्हणून त्या मुलीचं गाणं मी परिपाठात घेणार नाही. माझं स्वतःचंही घेणार नाही.

पण धर्म न शिकवणं वेगळं आणि मुलाला आपलं घर लपवायला लावणं वेगळं. आमच्या शाळेत कोणीच त्या मुलीला 'सांगू नकोस' म्हटलं नव्हतं. वर्गाच्या हसण्याने ते काम केलं होतं आणि ते हसणं मी थांबवलं नव्हतं. ती चूक माझी.

म्हणून मागच्या शनिवारी कलेच्या तासाला एक साधा उपक्रम घेतला. विषय, 'आमच्या घरी सुगीला काय वाजतं, काय गातात?' नियम तीनच. कोणावर सक्ती नाही. शब्द म्हणायचे नसतील तर नुसती चाल गुणगुणली तरी चालेल. आणि कोणी हसायचं नाही. एका मुलाचा आजा तारपा घेऊन आला. मी घरची पेटी नेली. दोघांनी एकत्र वाजवून बघितलं तर जमेना, कारण तारप्याची पट्टी त्याची त्याची असते आणि पेटीचे सूर जागच्या जागी बसवलेले. म्हातारा हसून म्हणाला, "तुमची पेटी लय हट्टी हाय, गुरुजी." मग आम्ही पाळीपाळीने वाजवलं.

ती मुलगी उठली, दोन ओळींची चाल गुणगुणली आणि पटकन खाली बसली. मागच्या बाकावर एक जण हसलाच. लगेच सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पण सोमवारी तिने निबंधाची वही परत मागितली. म्हणाली, "सर, आठ ओळी राहिल्यात."

विद्यार्थी मित्रांनो, 'आभार' या विषयावर लिहिताना तीन प्रश्न स्वतःला विचारा. कोणाचे? कशाबद्दल? आणि आमच्या घरी ते कसे मानतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गाईडात सापडणार नाही. ते आजीला, आजोबांना विचारा. मग ते तारप्यावर असो, अभंगात असो, येशूच्या गाण्यात असो, नाहीतर नुसतं पहिली भाकर बाजूला काढून ठेवण्यात असो. ते लिहा.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याही वर्गात 'शाळेत सांगायचं नाही' असं एखादं गाणं असेल. ते गाऊन घ्या असं मी म्हणत नाही. ते लपवावं लागू नये, एवढंच बघा. आणि मंडळीतल्या, पाड्यावरच्या मोठ्या माणसांना एक विनंती. एखाद्या पोराने 'हे वाजवू का?' असं विचारलं तर 'नको' म्हणण्याआधी जरा थांबा. ते पोर पुन्हा विचारायला येत नाही. मीही गेलो नव्हतो.

या पावसाळ्यात परसात दुधी लावला होता. एक फळ वाळायला ठेवलंय. त्या मुलाच्या आजाने शिकवायचं कबूल केलंय. गाल अजून दुखतातच.